‘आगरोधक’ या शिक्क्याचा इतिहास: खाणीतला रबरी होज आणि पंधरा सेंटिमीटरचा तुकडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होज तयार करून देणारी दुकानं आहेत. जेसीबीचा होज फुटला किंवा ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचा पाईप गळायला लागला, की माणसं जुना तुकडा घेऊन तिथे येतात. त्याच मापाचा नवा होज कापायचा, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून घ्यायची, झालं काम. बाहेर काळं रबर, आत पोलादी तारांची जाळी, वर बारीक अक्षरांत दाब आणि व्यास.

चंद्रपूर किंवा नागपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत कोळसा उचलणाऱ्या यंत्रावर जो होज असतो, तो दिसायला असाच असतो. पण दुकानातला हा होज तिथे चालत नाही. तिथल्या होजला आगरोधक असल्याची मान्यता लागते. ती मिळण्याआधी त्याचा तुकडा जाळून बघतात, त्याचा विद्युतरोध मोजतात, आणि मगच तो माल खाणीत जातो.

आमच्या जोतिबाच्या डोंगराखाली कोळसा नाही, काळा बेसाल्ट आहे. त्यामुळे या विषयाचा आणि आपला काय संबंध, असं इथल्या कुणालाही वाटेल. माझं काम पॉलिमरच्या ज्वलनावर असल्यामुळे मी या चाचण्यांकडे वळले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की यांचा इतिहास संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतली चाचणी आणि बाहेरचं जग यांच्यात किती अंतर असू शकतं, आणि त्या अंतराची किंमत कोण देतं, हे इथे अगदी स्पष्ट दिसतं.

रबर जळतं का आणि थांबवायचं कसं

नैसर्गिक रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची लांब साखळी. रासायनिकदृष्ट्या ते खनिज तेलाच्या कुळातलंच. एकदा पेटलं की भरपूर उष्णता, दाट काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड. उघड्यावर टायर जळताना आपण लांबून बघतो. भूमिगत खाणीत मात्र धुराला जायला एकच वाट असते: हवा जिकडे वाहते तिकडे. आणि पुष्कळदा त्याच वाटेवर पुढे माणसं काम करत असतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. म्हणून खाणीतल्या आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळेपासून दूर, धुराने मरतात.

उपाय रसायनशास्त्राने दिला. १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत, वॉलेस कॅरोथर्सच्या गटात, अर्नॉल्ड कॉलिन्सने क्लोरोप्रीन रबर तयार केलं. पुढे ते निओप्रीन या नावाने जगभर पोचलं. त्याच्या वजनात साधारण ४० टक्के क्लोरीन असतं. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि ज्वाळा पुढे नेणाऱ्या क्रियाशील मूलकांना पकडतो. अँटिमनी ट्रायऑक्साइड घातलं तर हा परिणाम आणखी वाढतो.

दुसरा मार्ग अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या पावडरीचा. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तिचं विघटन होतं आणि १०० ग्रॅम पावडरीतून सुमारे ३५ ग्रॅम पाणी वाफ होऊन निघतं. ही पावडर बॉक्साइटपासून बनते. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाड परिसरातला बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात जातो, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असेल. म्हणजे कोळसा नसला तरी या रसायनाचं मूळ आपल्याच डोंगरांत आहे.

होज मात्र एकाच रबराचा नसतो. आतली नळी तेलाने फुगू नये म्हणून बहुधा नायट्राइल रबराची असते, मधे तारांची जाळी आणि वर ज्वाळेला तोंड देणारं आवरण. शिवाय एक वेगळी अट असते: होजवर स्थिर विद्युतभार साठता कामा नये. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर तो स्फोटक असतो आणि ०.३ मिलीजूलहूनही कमी ऊर्जेच्या ठिणगीने पेटू शकतो. थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते ना, तेवढी ठिणगीही त्याला पुरते. म्हणून रबरात विद्युतवाहक कार्बन ब्लॅक घालतात. खाणीत ‘फ्रास’ हा शब्द सारखा कानावर पडतो, त्यात या दोन्ही अटी येतात: आगरोधक आणि स्थिरविद्युतरोधक.

रसायनशास्त्राचा भाग इथे संपतो. पुढचा प्रश्न कायद्याचा आहे: ‘हे रबर पुरेसं सुरक्षित आहे’ असं म्हणायचं कुणी, आणि कशावरून?

आधी अपघात, मग नियम

भारतात खाणींवर सरकारी देखरेख सुरू झाली तीच अपघातांमुळे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि बलुचिस्तानातल्या खोस्तच्या कोळसा खाणीत ४७ कामगार गेले. त्यानंतर १९०१ चा खाण कायदा आला आणि जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्यात खाण निरीक्षण कार्यालय सुरू झालं. १९०८ मध्ये ते धनबादला गेलं. आजचं खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, हे त्याचंच पुढचं रूप. हे नाव १९६७ पासूनचं.

सुरुवातीच्या निरीक्षकांचं लक्ष छत कोसळणं, वायू, पाणी, दोर आणि दिवे यांवर होतं. रबर हा धोका आहे असं वाटण्याइतकं रबर तेव्हा खाणीत नव्हतंच. ते आलं यंत्रांबरोबर. घोडे आणि ढकलगाड्या जाऊन शेकडो मीटर लांबीचे कन्व्हेयर बेल्ट आले, दाबाखालच्या हवेचे आणि तेलाचे होज आले. उत्पादन वाढलं, आणि त्याबरोबर बोगद्यात टनावारी ज्वलनशील माल गेला. याचा हिशोब कुणी मांडला नव्हता.

तो २६ सप्टेंबर १९५० ला मांडावा लागला. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या क्रेसवेल कोळसा खाणीत एका बेल्टवरून दुसऱ्या बेल्टवर कोळसा पडतो त्या जागी बेल्ट फाटला. फाटलेलं रबर अडकून घासत राहिलं, तापलं, पेटलं. आग बेल्टवरून पुढे सरकली आणि धूर हवेबरोबर कामगारांपर्यंत गेला. ८० माणसं मेली, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने. आग विझवण्यासाठी खाण बंद करावी लागली आणि काही मृतदेह दुसऱ्या वर्षी बाहेर काढता आले.

या खाणीत स्फोट झाला नव्हता, छतही कोसळलं नव्हतं. ज्याला सगळे साधं साहित्य समजत होते त्या वस्तूने ८० जीव घेतले. त्यानंतर ब्रिटिश खाणींत रबर आणि कापडाच्या बेल्टची जागा आगरोधक पीव्हीसी बेल्टनी घेतली आणि बेल्टसाठी ठरावीक चाचण्या आल्या. त्यातली ड्रम घर्षण चाचणी मला फार बोलकी वाटते. बेल्ट एका जागी ताणून धरायचा, खाली ड्रम फिरवत ठेवायचा, आणि बेल्ट झिजून तुटेपर्यंत बघायचं: ज्वाळा किंवा निखारा दिसतो का, ड्रमचं तापमान किती चढतं. तापमानाची मर्यादा ३२५ अंश सेल्सिअस. नीट पाहिलं तर ही क्रेसवेलचीच रात्र आहे, प्रयोगशाळेत मावेल एवढी लहान करून मांडलेली.

मार्सिनेल: प्रश्न होजच्या आतल्या तेलाचा

८ ऑगस्ट १९५६. बेल्जियममधली मार्सिनेलची ब्वा द्यु काझिए खाण. कोळशाची गाडी लिफ्टच्या पिंजऱ्यात नीट बसली नव्हती, अर्धवट बाहेर राहिली होती. तशातच पिंजरा वर निघाला. बाहेर आलेल्या गाडीच्या धडकेने दाबाखालची तेलाची वाहिनी, विजेच्या केबल आणि दाबाखालच्या हवेची नळी या तिन्ही तुटल्या. तेल, ठिणगी आणि हवा एकाच जागी आली. २६२ माणसं मेली. त्यांत १३६ इटलीहून मजुरीला आलेली होती.

या घटनेने होजकडे बघण्याची नजर बदलली. होजचं रबर पेटतं का, हा प्रश्न अपुरा ठरला. दाबाखालच्या होजला टाचणीएवढं भोक पडलं तरी तेल बारीक फवाऱ्यासारखं बाहेर येतं, आणि तेलाचा फवारा साठलेल्या तेलापेक्षा कितीतरी सहज पेटतो. म्हणजे वाहिनी आणि तिच्यातला द्रव हे मिळून एकच धोका आहेत. १९५७ मध्ये युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाने खाण सुरक्षा आयोग नेमला. या आयोगाने हायड्रॉलिक यंत्रांसाठी आगरोधक द्रवांच्या कसोट्या तयार केल्या. ते अहवाल ‘लक्झेंबर्ग अहवाल’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांचा संदर्भ आजही देतात. पाणी मिसळलेले द्रव खाणीत रुळले त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे काय झालं

योगायोग बघा. मार्सिनेल झालं त्याच वर्षी, १९५६ मध्ये, धनबादला केंद्रीय खाण संशोधन केंद्र सुरू झालं. २००७ मध्ये इंधन संशोधन संस्थेशी विलीन होऊन ते आजचं सिम्फर झालं. १९५२ च्या खाण कायद्याखाली १९५७ मध्ये कोळसा खाण नियमावली आली. ठरावीक प्रकारचं साहित्य खाणीत वापरायचं तर ते मान्यताप्राप्तच असलं पाहिजे, असं ठरवण्याचा अधिकार या नियमांनी मुख्य निरीक्षकाला दिला. या व्यवस्थेत चाचणी करणारा वेगळा आणि मान्यता देणारा वेगळा असतो. प्रयोगशाळा आकडे देते. माणसं त्या होजखाली काम करू शकतात की नाही, हा निर्णय डीजीएमएसचा. बेल्टसाठी भारतीय मानक आहे आयएस ३१८१. त्यात ज्वाळेची चाचणी आहे, ड्रम घर्षण आहे आणि विद्युतरोधाची ३० कोटी ओहमची कमाल मर्यादाही आहे. होजसाठी जगभरात आयएसओ ८०३० ही ज्वलनशीलतेची आणि आयएसओ ८०३१ ही विद्युतरोधाची चाचणी वापरतात. खास भूमिगत कोळसा खाणीतल्या तारांच्या जाळीच्या हायड्रॉलिक होजसाठी आयएसओ ६८०५ आहे.

महाराष्ट्रात हे सगळं लागू होतं ते मुख्यतः वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणींत. १९७३ मध्ये कोळशाचं राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं आणि १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेली ही कंपनी उभी राहिली. इथल्या बऱ्याच भूमिगत खाणींत कोळशाचे खांब छताला आधार म्हणून मागे ठेवत गाळे खोदत जातात. टोपल्यांनी कोळसा भरण्याच्या जागी एसडीएल आणि एलएचडी नावाची भरणी यंत्रं आली. दोन्हींची बादली तेलाच्या दाबावर उचलली जाते, म्हणजे होज आलेच. त्यातून वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापून पेटण्यासाठी प्रसिद्ध आहे. जिथे कोळसा स्वतःच पेटायला बघतो, तिथे पेटणारं रबर आणि तेल वरून नेऊन ठेवणं परवडत नाही.

धूर काय करतो हे आपल्या देशानेही पाहिलं आहे. २५ जानेवारी १९९४ ला राणीगंज भागातल्या न्यू केंदा कोळसा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार विषारी वायूने गुदमरून मेले. आग सगळ्यांपर्यंत पोचली नाही, धूर पोचला.

तुकडा केवढा घ्यायचा?

आता संशोधक म्हणून आपल्याला सर्वांत जास्त भिडणारा भाग. तो अमेरिकेत घडला.

तिथे १९६८ मध्ये ब्युरो ऑफ माइन्सने ‘शेड्यूल २जी’ काढलं. त्यातली चाचणी बेल्ट आणि होज दोघांसाठी एकच होती. सहा इंच लांब आणि अर्धा इंच रुंद, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर बाय सव्वा सेंटिमीटर, असे चार तुकडे कापायचे. प्रत्येकाला बर्नरची ज्योत एक मिनिट द्यायची. ज्योत काढून मिनिटाला ३०० फूट वेगाची हवा सोडायची. चार तुकड्यांची सरासरी बघायची: ज्वाळा एक मिनिटापेक्षा जास्त टिकता कामा नये, निखारा तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. पास झालं तर त्या मालावर ‘ज्वालारोधक’ असा शिक्का आणि क्रमांक.

चाचणी स्वस्त, पटकन होणारी, कुठेही तशीच करता येणारी. चांगल्या चाचणीचे हे गुण आपल्याला शिकवतात, आणि ते खरे आहेत. प्रश्न वेगळाच होता. १९८० च्या दशकात ब्युरोच्या संशोधकांनी बोगद्याएवढ्या दालनात बेल्टचे मोठे तुकडे पेटवून पाहिले. लहान चाचणीत पास झालेले कितीतरी बेल्ट तिथे शेवटपर्यंत जळत गेले. कारण समजायला अवघड नाही. लहान तुकडा जळताना त्याची उष्णता आजूबाजूला निघून जाते. मोठी आग स्वतःची उष्णता छतावरून आणि भिंतींवरून परत घेते आणि पुढचं रबर पेटण्याआधीच तापवून ठेवते. १५ सेंटिमीटरच्या तुकड्याला पुढचं रबरच नसतं.

मग संशोधकांनी मधल्या मापाची चाचणी तयार केली. सुमारे दीड मीटर लांब आणि २३ सेंटिमीटर रुंद तुकडा एका लहान बोगद्यात ठेवायचा, पाच मिनिटं गॅसची ज्वाळा द्यायची, आणि शेवटी बेल्टच्या पूर्ण रुंदीवर न जळलेला भाग उरतो का ते पाहायचं. तिचे निकाल मोठ्या दालनाशी जुळत होते. डिसेंबर १९९२ मध्ये ही चाचणी सक्तीची करण्याचा सरकारी प्रस्ताव आला. २००२ मध्ये तो मागे घेतला गेला.

१९ जानेवारी २००६ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या अॅराकोमा अल्मा खाणीत बेल्ट सरकून घासला आणि पेटला. दोन कामगार धुरात वाट चुकले आणि मेले. दोष फक्त बेल्टचा नव्हता. हवा अडवणारी भिंत जागेवर नव्हती, त्यामुळे धूर सुटकेच्या वाटेत शिरला. पण त्यानंतर अमेरिकी संसदेने बेल्टच्या प्रश्नावर तज्ज्ञ समिती बसवली, आणि ३१ डिसेंबर २००८ ला नवी चाचणी नियमात आली. शास्त्र हाताशी असताना नियम व्हायला १६ वर्षं गेली.

होजचं काय झालं? बेल्ट नव्या चाचणीकडे गेला आणि जुन्या कलमाचं नाव ‘होजची ज्वाळा चाचणी’ एवढंच उरलं. तुकड्याचं माप तेच, सहा इंच बाय अर्धा इंच. याची बाजूही समजून घेतली पाहिजे. बेल्ट शेकडो मीटर सलग असतो, होज तुकड्या-तुकड्यांनी असतो, म्हणून आग पुढे नेण्याची त्याची ताकद कमी. पण आजच्या मोठ्या यांत्रिक खाणीत छताला आधार देणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रांची ओळच्या ओळ असते आणि तिच्यावर होजचे जुडगे टोकापासून टोकापर्यंत गेलेले असतात. तिथे होज सुटा राहतो का? हा प्रश्न मला अजून नीट सुटलेला दिसत नाही.

शिक्का काय सांगत नाही

चाचणी पास झालेला होज धूर किती आणि कसला करतो, हे ज्वाळेची चाचणी सांगत नाही. ज्या क्लोरीनमुळे ज्वाळा विझते, त्याच क्लोरीनमुळे धुरात हायड्रोजन क्लोराइड येतो. तो डोळे आणि श्वास पकडतो, आणि अंधारात वाट शोधणाऱ्या माणसाला दोन्हींची गरज असते.

चाचणी नव्या, स्वच्छ तुकड्यावर होते. खाणीतला होज दोन वर्षांनी तेल प्यायलेला, घासलेला, वर कोळशाची भुकटी बसलेला असतो.

आणि मान्यता एका विशिष्ट मिश्रणाला, विशिष्ट रचनेला असते. रबराच्या मिश्रणात दोन घटक स्वस्त केले तर वरची अक्षरं तशीच राहतात, आतला माल वेगळा होतो. म्हणून मान्यतेइतकीच नंतरच्या मालाची अधूनमधून होणारी तपासणी महत्त्वाची.

आपल्या कामासाठी

पेटची किंवा नेटची तयारी करताना आपण चाचण्यांची नावं, आकडे आणि मर्यादा पाठ करतो. संशोधन सुरू झालं की त्याच चाचण्या ‘पद्धती’ या प्रकरणात दोन ओळींत लिहून टाकतो. या इतिहासातून मी माझ्यापुरते तीन प्रश्न घेतले आहेत.

पहिला, ही चाचणी कुठल्या घटनेनंतर आली? ड्रम घर्षणाची चाचणी घासणाऱ्या बेल्टचं उत्तर देते. फवाऱ्याने पेटणाऱ्या तेलाबद्दल ती गप्प आहे. ज्या प्रश्नासाठी ती बनली त्याच्या पलीकडचं तिला विचारलं तर ती उत्तर देईल, पण त्या उत्तरावर विसंबता येणार नाही.

दुसरा, नमुन्याचं माप बदललं तर निकाल बदलतो का? पॉलिमर असो, औषध असो की मातीचा नमुना असो, हे तपासल्याशिवाय मोठ्या जगाबद्दल बोलू नये.

तिसरा प्रश्न भाषेचा. ‘हे रबर आगरोधक आहे’ आणि ‘हे रबर या ज्योतीखाली, एवढ्या हवेत, या मापाच्या तुकड्यावर एका मिनिटाच्या आत विझलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिक्क्यावर पहिलंच मावतं. प्रबंधात दुसरं लिहायला भरपूर जागा असते.

करून बघायचं असेल तर एवढं करा. तुमच्या प्रयोगशाळेत रोज वापरलं जाणारं एक मानक घ्या, मग ते आयएस असो वा आयएसओ. त्याची पहिली आवृत्ती कोणत्या सालची, त्याआधी लोक काय वापरत होते, आणि ते बदलावं असं कुणाला आणि का वाटलं, हे शोधा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन दुपारी जातील. काही मानकांच्या मागे एखादी समिती आणि तिचा चहा एवढंच सापडेल. काहींच्या मागे मात्र क्रेसवेल असेल.